जर्मनीला परिचारिका पाठवणारी धंतोलीतील एक सेवा: भाषावर्ग उत्तम, पगाराचा तक्ता दिशाभूल करणारा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी बत्तीस वर्षे काढली. मस्टर, ओव्हरटाइम, पीएफ, ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) आणि दर महिन्याच्या सात तारखेच्या आत पगारपत्रके वाटण्याची धावपळ यांत हयात गेल्यामुळे कोणी पगाराचा आकडा सांगितला की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो ‘हातात किती?’ हाच. माझी भाची नागपूरच्या धंतोलीतील एका चाळीस खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. जीएनएम या परिचर्या पदविकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर तीन वर्षांची नोकरी झाल्यावर तिने जर्मनीला जायचे ठरवले आणि त्याच परिसरातील एका संस्थेत नाव घातले. भाषेचे शिक्षण, कागदपत्रे, तिकडच्या मालकाशी गाठ आणि ‘दोन्ही देशांतील पगार व सेवाशर्तींचे तुलनात्मक समुपदेशन’ असे चार भाग मिळून या संस्थेचे शुल्क दीड लाख रुपये असून ते पन्नास हजारांच्या तीन हप्त्यांत भरायचे असते. पहिले दोन हप्ते आम्ही भरले आहेत. तिसऱ्यावरून बोलणी चालू असल्याने संस्थेचे नाव मी येथे लिहीत नाही.

सर्वांत चांगल्या भागापासून सुरुवात करतो, कारण तो खरोखरच चांगला आहे. भाषेचा वर्ग सकाळी साडेसातला भरतो, म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या मुली थेट रुग्णालयातून येऊन बसतात. खोलीत एकच कूलर आहे आणि मे महिन्यात तो पाण्यापेक्षा आवाजच जास्त देतो. पण शिकवणाऱ्या बाईंना तोड नाही. जर्मन भाषेत प्रत्येक नामाला तीनपैकी एक लिंग असते आणि ते पाठ करावे लागते, या एका गोष्टीने बहुतेक विद्यार्थी पहिल्या महिन्यातच हबकतात. या बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘तो भात, ती पोळी, ते वरण’ असे लिहिले आणि खाली ‘डेअर, डी, दास’. भात पुल्लिंगी का आणि वरण नपुंसकलिंगी का, याचे कारण आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नसते आणि तरी आपले अडत नाही, तसेच तिकडचे समजा, असे त्यांनी सांगितले. इंग्रजीच्या आधाराने जर्मन शिकणाऱ्याला जे महिनोन्महिने छळते, ते मराठी माणसाला जन्मतः येत असते, हे मला साठी उलटल्यावर कळले. भाचीला सोडायला गेलो की मी मागच्या बाकावर बसून राहत असे, तेवढ्यात मलाही थोडे आले.

पुढच्या टप्प्यात त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून पाळी सोपवण्याचा सराव घेतला. एक मुलगी रात्रपाळीची परिचारिका, दुसरी सकाळची. पहिलीने खाट क्रमांक, निदान, रात्री दिलेली औषधे, लघवीचे प्रमाण आणि तक्रार हे सगळे जर्मनमध्ये तीन मिनिटांत सांगायचे आणि दुसरीने ते लिहून घेऊन परत वाचून दाखवायचे. भाची पहिल्या दिवशी ‘रुग्णाला भूल दिली’ असे सांगायला गेली आणि ‘रुग्ण विसरला’ असे सांगून बसली. वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. वॉर्डात ही चूक काय करू शकते ते त्यांनी शांतपणे समजावले. परिचारिकेच्या व्यवसायाला मान्यता मिळण्यासाठी साधारणपणे जर्मनची बी-टू, म्हणजे मध्यमाच्या वरची, पातळी लागते. गोएथे संस्थेच्या त्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात व प्रत्येकात १०० पैकी ६० गुण हवे असतात. पुण्याला जाऊन दिलेल्या परीक्षेत भाचीचे तीन भाग सुटले, श्रवणात ५४ मिळाले. तेवढा एकच भाग पुन्हा देता येतो, हे आम्हाला बाईंनीच सांगितले. कार्यालयातून मात्र पूर्ण परीक्षेचे शुल्क भरण्याचा निरोप आला होता. एकाच छपराखालच्या दोन खोल्यांत एवढे अंतर असावे, याचे मला नवल वाटले.

दुसरी खोली म्हणजे समुपदेशन कक्ष. येथे भिंतीवर लॅमिनेट केलेला एक तक्ता आहे. डावीकडे तिरंगा, उजवीकडे जर्मनीचा काळा-लाल-सोनेरी झेंडा. डाव्या रकान्यात ‘नागपूर: २०,००० रुपये’, उजव्यात ‘जर्मनी: ३,५५,००० रुपये’ आणि खाली ठळक अक्षरांत ‘१७ पट!’ समुपदेशकांना मी विचारले की ३,५५,००० कोठून आले. त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला आणि ३,५५० गुणिले १०० करून दाखवले.

“हे ब्रुटो आहे की नेटो?” ब्रुटो म्हणजे कपातीआधीचा एकूण पगार, नेटो म्हणजे हातात येणारा; एव्हाना हे दोन शब्द मला वर्गामुळेच ठाऊक झाले होते.

“काका, सॅलरी आहे. सॅलरी म्हणजे सॅलरी.”

बत्तीस वर्षांत सॅलरी म्हणजे सॅलरी असे मी एकदाही पाहिले नाही. ३,५५० हा आकडा खोटा नाही, हेही मी घरी येऊन तपासले. जर्मनीत सर्वांसाठी वैधानिक किमान वेतन २०१५ मध्ये ताशी साडेआठ युरोने सुरू झाले आणि २०२५ मध्ये ते १२.८२ युरो होते; परंतु शुश्रूषासेवेच्या क्षेत्रासाठी (रुग्णालये वगळून) वेगळे व वरचे किमान दर आहेत. १ जुलै २०२५ पासून ते अप्रशिक्षित साहाय्यकाला ताशी १६.१० युरो, एक वर्षाचे प्रशिक्षण झालेल्या साहाय्यकाला १७.३५ युरो आणि पात्र परिचारिकेला २०.५० युरो असे झाले. आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याचे सुमारे १७३ तास होतात आणि २०.५० च्या दराने ३,५४६ युरो येतात. तक्ता करणाऱ्याने एवढा हिशेब बरोबर केला आहे. मात्र हा दर मान्यताप्राप्त परिचारिकेचा आहे आणि आपली मुलगी तेथे उतरते तेव्हा ती मान्यताप्राप्त नसते.

येथे तक्त्याने सर्वांत मोठी गोष्ट गाळली आहे. भारतातील जीएनएमची पदविका वा बी.एस्सी. नर्सिंगची पदवी तिकडच्या प्राधिकरणाकडे गेली की बहुधा उणिवा दाखवणारा निर्णय हातात पडतो आणि मग एक तर जुळवणीचा अभ्यासक्रम किंवा ज्ञानपरीक्षा, यांपैकी एक पार करेपर्यंत परिचारिका म्हणून काम करण्याची मुभा नसते. तोवर ती साहाय्यक असते आणि पगारही साहाय्यकाचा असतो. भाचीच्या करारात या काळासाठी २,८०० युरो लिहिले आहेत. त्यातून निवृत्तिवेतनाचे ९.३ टक्के, बेरोजगारी विम्याचे १.३ टक्के, आरोग्यविम्याचा निम्मा वाटा सुमारे साडेआठ टक्के आणि शुश्रूषाविम्याचे, अपत्य नसल्यामुळे थोडे जास्त, असे २.४ टक्के जातात. त्यानंतर अविवाहितासाठीचा पहिल्या करवर्गाचा आयकर. मी कागदावर मांडले तेव्हा हातात सुमारे १,९३० युरो उरले. मान्यतेनंतरच्या ३,५५० मधूनही साधारण साडेतेवीसशेच उरतात. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा कापला जातो. भाचीच्या महाविद्यालयातील एक सिनियर तिकडे दोन वर्षांपासून आहे. तिने पाठवलेल्या पगारपत्रकाशी माझा हिशेब पंधरा-वीस युरोंच्या फरकाने जुळला, तेव्हा निवृत्तीनंतर प्रथमच मला कारखान्याची आठवण आली.

न्याय्य तुलना करायची तर भाचीचे नागपूरचे पगारपत्रकही तितक्याच बारकाईने पाहायला हवे. एकूण २०,५००, त्यात मूळ वेतन १२,०००. पीएफ १,४४०, ईएसआय १५४ आणि व्यवसायकर २००, असे वजा होऊन हातात १८,७०६. यातील व्यवसायकराचे दोनशे रुपये मुळात कापायलाच नकोत, कारण महाराष्ट्रात २०२३ पासून महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक वेतनावर हा कर माफ आहे. रुग्णालयाच्या लेखापालांना हे सांगितले तर ‘सॉफ्टवेअर आपोआप कापते’ असे उत्तर मिळाले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे, अशी शिफारस केली होती. नऊ वर्षांनंतर, तीन वर्षांच्या अनुभवाला, धंतोलीतील एक रुग्णालय त्या आकड्याच्या वर पाचशे रुपये देते. तक्त्याच्या डाव्या रकान्यात खोट नाही, एवढे म्हणता येईल.

रुपयांत युरो गुणून तुलना केल्याने काय बिघडते हे समजावे म्हणून मी भाचीला एक वेगळा हिशेब करून दिला. कोणतीही वस्तू घ्यायला आपल्याला किती वेळ राबावे लागते, ते पाहायचे. तिचे महिन्याचे कागदोपत्री तास २०८. हातात येणाऱ्या रकमेला भागले तर तास पडतो ९० रुपयांना. तिकडे १,९३० भागिले १७३, म्हणजे ११ युरोंना. ती घरी राहत नसती आणि नागपुरात जेवणासह पीजीत राहिली असती, तर साडेसहा हजार, म्हणजे ७२ तासांचे काम. तिकडच्या लहान शहरात सिनियर एका सदनिकेतील खोलीचे गरम पाणी आणि हीटिंग धरून ५५० युरो देते आणि स्वतः रांधून सुमारे २५० युरो जेवणावर घालवते. हे ८०० युरो म्हणजे ७३ तास. मी दोनदा तपासले. डोक्यावरचे छप्पर आणि पोटातले अन्न यांसाठी दोन्ही देशांत ही मुलगी जवळजवळ तेवढाच वेळ राबणार आहे.

फरक पडतो तो त्यापुढे. दूध येथे साठ रुपये लिटर धरले तर चाळीस मिनिटांचे काम, तिकडे सहा-सात मिनिटांचे. उलट, केस कापून घ्यायला सीताबर्डीत दोनशे रुपये, म्हणजे सव्वादोन तास, तर सिनियरने मोजले चाळीस युरो, म्हणजे साडेतीन तासांहून अधिक. जी वस्तू यंत्रातून निघते ती तिकडच्या मजुरीत स्वस्त पडते आणि जिला माणसाचा हात लागतो ती महाग पडते. याचा अर्थ तेथे माणसाच्या हाताला किंमत आहे, आणि आपली भाची तो हातच विकायला निघाली आहे. त्यामुळे शिल्लक मात्र खरोखर मोठी राहते. दूरध्वनी, २०२५ मध्ये ५८ युरोंचे असलेले देशभराचे मासिक प्रवासतिकीट, आकाशवाणी-दूरदर्शनसाठी प्रत्येक घराला द्यावे लागणारे १८.३६ युरो आणि थंडीचे कपडे असा खर्च जाऊन सिनियर महिन्याला पाचशे ते सहाशे युरो घरी पाठवते. भाची येथे घरी राहूनही महिन्याकाठी पाच-सहा हजारच बाजूला टाकते. शिलकीत हा सुमारे दहापट फरक झाला. सतरापट नाही, पण दहापटही काही थोडी नाही, आणि खरा आकडा एवढा भक्कम असताना फुगवलेला आकडा भिंतीवर लावण्याची गरज संस्थेला का वाटावी, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही.

सेवाशर्तींवर तक्त्यात एकच ओळ आहे: ‘आठवड्याला ५ दिवस, भरपूर सुट्ट्या’. सुट्ट्यांविषयी हे ठीकच आहे. १९६३ च्या कायद्याने पाच दिवसांच्या आठवड्याला किमान वीस दिवस भरपगारी रजा द्यावी लागते आणि भाचीच्या करारात अठ्ठावीस आहेत. तथापि ज्याला खरे महत्त्व आहे ते आजारपणाचे कलम या ओळीत नाही. जर्मनीत कर्मचारी आजारी पडला तर सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो आणि त्यापुढे आरोग्यविमा एकूण वेतनाच्या सत्तर टक्क्यांइतकी रक्कम देतो, तीही एकाच आजारासाठी तीन वर्षांत अठ्ठ्याहत्तर आठवड्यांपर्यंत. आपल्या ईएसआयमध्येही आजारपणाचा लाभ सत्तर टक्केच आहे, मात्र वर्षाला ९१ दिवस, आणि वेतन २१,००० रुपयांच्या वर गेले की सामान्यतः माणूस योजनेच्या बाहेर. गेल्या पावसाळ्यात भाचीला डेंग्यू झाला तेव्हा तिला हा लाभ मिळण्यासारखा होता. पण रुग्णालयाने नऊ दिवस बिनपगारी लावले आणि तिला ते कळलेही नाही. मामा आयुष्यभर ईएसआयचे अर्ज भरत होता आणि भाचीने त्याला विचारले नाही, याचा राग मला रुग्णालयापेक्षा जास्त तिचाच आला.

कामाच्या तासांचे तेच. तेथील १९९४ च्या कायद्यानुसार दिवसाचे काम आठ तासांचे, सरासरी सांभाळून जास्तीत जास्त दहाचे, आणि दोन पाळ्यांमध्ये अकरा तासांची विश्रांती बंधनकारक; रुग्णालयांना त्यात फक्त एका तासाची सवलत मिळते आणि तीही नंतर भरून द्यावी लागते. येथे भाची दुपारी दोनला जाते, रात्री आठला सुटते, आणि रात्रपाळीची मुलगी आली नाही की तशीच सकाळी आठपर्यंत थांबते. याला ‘डबल’ म्हणतात. डबलचा मोबदला पैशांत नव्हे तर ‘नंतर एक सुट्टी घे’ अशा शब्दांत मिळतो आणि ते ‘नंतर’ सहसा उगवत नाही. रात्री तिच्या मजल्यावर अठरा रुग्ण, ती आणि एक मावशी. जर्मनीत अतिदक्षता विभागात दिवसा दोन रुग्णांमागे व रात्री तीन रुग्णांमागे एक परिचारिका असलीच पाहिजे, असा नियम आहे आणि तो पाळला नाही तर रुग्णालयाचे पैसे कापले जातात. कागदावर पाहिले तर सर्वसाधारण वॉर्डासाठी भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण पाच रुग्णांमागे एक, म्हणजे जर्मनीच्या साध्या वॉर्डापेक्षाही चांगले आहे. पैसे कापणारा कोणी नाही, एवढेच.

समुपदेशकाने मुलींना स्पष्ट सांगायला हवी अशी गोष्ट कामाच्या स्वरूपाची आहे आणि तीच येथे कोणी बोलत नाही. रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे, संडासला नेणे हे आपल्याकडे नातेवाईक आणि मावशी करतात. तिकडे ते परिचारिकेच्या कामाचा गाभा मानले जाते. साहाय्यकाच्या पहिल्या वर्षात तर दिवसाचा मोठा भाग त्यातच जातो. सिनियरने फोनवर सांगितले की येथे शिरा शोधणारे तिचे बोट तिकडे पहिले आठ महिने दातांची कवळी धूत होते. यात कमीपणा काही नाही, पण जी मुलगी ‘मी येथे आयसीयू सांभाळला’ अशा अभिमानाने विमानात बसते, तिला हे वर्गातच कळले पाहिजे. भाषेच्या बाईंनी ते एकदा सांगितले होते. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून त्यांना ‘निगेटिव्ह बोलू नका’ असा निरोप गेला, असे मुली सांगतात.

एका बाबतीत मात्र तुलना आपल्या बाजूने झुकते आणि तक्ता तेथेही गप्प आहे. प्रसूतीसाठी आपल्याकडे २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, तर जर्मनीत पूर्ण वेतनाचा संरक्षित काळ आधीचे सहा आणि नंतरचे आठ असा चौदा आठवड्यांचा. अर्थात त्यापुढे तेथे पालकांना तीन वर्षांपर्यंत नोकरी राखून रजा घेता येते व काही महिने उत्पन्नाच्या सुमारे दोन-तृतीयांश भत्ता मिळतो, म्हणून एकूण गणित पुन्हा तिकडे झुकू शकते. निवृत्तिवेतनाविषयीही एक उपयुक्त माहिती मी समुपदेशकांना दिली, त्यांनी मला दिली नाही. भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे आणि निवृत्तिवेतनाची किमान पात्रता मोजताना दोन्ही देशांतील सेवेचा काळ एकत्र धरता येतो. मुलगी चार वर्षांनी परत आली तरी ते ९.३ टक्के पाण्यात गेले असे समजण्याचे कारण नाही. पीएफचा क्रमांक जपून ठेव, एवढे मी भाचीला बजावले आहे.

आता शुल्क. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून घेता येणारे सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १८ टक्के धरून ३५,४०० रुपये, एवढ्यापुरते मर्यादित आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. या संस्थेचे नाव मला तेथे सापडले नाही. विचारल्यावर उत्तर मिळाले की ही भरती करणारी संस्था नाही, प्रशिक्षण संस्था आहे. मालकाशी गाठ घालून देणे ही ‘विनामूल्य अतिरिक्त सेवा’ आहे. भिंतीवर फ्रेममध्ये गुमास्ता परवाना आणि जीएसटीचे प्रमाणपत्र आहे. ही दोन्ही कागदे किराणा दुकानातही असतात. भाषेच्या वर्गासाठी ऐंशी-नव्वद हजार मी आनंदाने देईन, कारण त्याचे मोल त्याहून अधिक आहे. पण उरलेली रक्कम कशाची, याचे पावतीवर विवरण नाही. पावतीवर ‘कोर्स’ एवढेच लिहिले आहे.

ज्यांना हा सगळा व्याप नको त्यांच्यासाठी अन्य वाटा आहेत, हेही संस्थेने सांगितले नाही. जर्मन रोजगार संस्था आणि जीआयझेड ही तिकडची सरकारी आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्था यांचा ट्रिपल विन हा कार्यक्रम २०१३ पासून चालतो, केरळ सरकारशी त्याचा २०२१ मध्ये करार झाला आणि त्यात भाषाशिक्षणाचा खर्च उमेदवारावर टाकत नाहीत. महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आहे. शिवाय जर्मनीतच परिचारिकांच्या न्याय्य भरतीसाठी एक शासकीय दर्जाचिन्ह आहे आणि ते मिळवायचे तर भरतीचा खर्च मालकानेच उचलायचा, हे तत्त्व पाळावे लागते. भाचीच्या मालकाने तिकडच्या मध्यस्थाला पैसे दिले आहेत, हे त्यांच्याच पत्रातून आम्हाला समजले. म्हणजे एकाच मुलीला पाठवण्याचे शुल्क दोन्ही टोकांना घेतले गेले.

करार हातात आला तेव्हा तो चौदा पानांचा जर्मन दस्तऐवज होता आणि सोबत संस्थेने केलेला दोन पानांचा इंग्रजी सारांश. भाचीच्या नागपूरच्या नियुक्तिपत्राचे एकच पान आहे आणि त्यातील अर्धे रुग्णालयाच्या बोधचिन्हाने व्यापले आहे, त्यामुळे चौदा पाने पाहून प्रथम आम्हाला आदरच वाटला. तीन संध्याकाळी आम्ही दोघे तर्री-पोहे आणि शब्दकोश घेऊन बसलो. अकराव्या पानावर परतफेडीचे कलम होते: तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास ८,००० युरो परत करावे लागतील. महिने भरतील तशी रक्कम कमी होण्याची तरतूद नव्हती. म्हणजे पस्तिसाव्या महिन्यात सोडली तरी पूर्ण ८,०००. इंग्रजी सारांशात या कलमाचा उल्लेखच नाही. समुपदेशक म्हणाले, “काका, ते स्टँडर्ड असते.” वर्गातील बाईंनी मात्र ते पान दोनदा वाचले आणि मालकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा त्याच दुपारी स्वतःच्या वेळात भाचीकडून लिहून घेतला. चौदा दिवसांनी उत्तर आले. आता दर पूर्ण झालेल्या महिन्यामागे रक्कम छत्तिसाव्या भागाने घटते आणि मान्यता मिळण्याआधी मालकाने काढून टाकले तर काहीच देणे लागत नाही. साध्या, चुका असलेल्या जर्मनमध्ये लिहिलेल्या एका पानाच्या पत्राने एवढे झाले.

कागदपत्रांची सेवा मध्यम आहे. गुणपत्रिकांचे शपथपूर्वक भाषांतर वेळेत झाले, एका कागदावर जन्मतारीख चुकली, ती त्यांनी पैसे न घेता सुधारून दिली. तेथील मालकामार्फत होणाऱ्या व्हिसाच्या जलद प्रक्रियेचे ४११ युरोंचे शासकीय शुल्क कोणी भरायचे, हा प्रश्न त्यांनी आमच्याकडे ढकलून पाहिला; करारात ते मालकाकडे आहे, हे दाखवल्यावर विषय संपला.

मी शुद्ध केलेला तक्ता, म्हणजे ब्रुटो, नेटो, साहाय्यकाचे वर्ष, तासांचा हिशेब आणि आजारपणाची कलमे, एका पानावर टाइप करून संस्थेला दिला आहे. भिंतीवरचा जुना तक्ता अजून तेथेच आहे. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा ३,५५,००० च्या खाली कोणी तरी पेन्सिलीने ‘ब्रुटो’ असे लिहिलेले दिसले. अक्षर भाचीचे नाही, मी विचारले.

नव्याने नाव घालणाऱ्यांनी भाषावर्गाचे शुल्क वेगळे मागावे. विचारले तर ते वेगळे भरून घेतात, असे त्यानंतर आलेल्या दोन मुलींच्या अनुभवावरून दिसते. बाईंची सकाळची तुकडीच घ्यावी, संध्याकाळची दुसरे कोणी तरी शिकवते. इमारतीत वाहने लावायला जागा नाही, समोरच्या गल्लीत लावावी लागतात. भाचीची श्रवणाची फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे आणि तिसरा हप्ता तपशीलवार पावती मिळाल्यावर भरू, असे आम्ही संस्थेला लेखी कळवले आहे.